रुमालाखालची मुलाखत

“खोलीत तुमच्याशिवाय आणखी कुणी आहे का?” असं फोनमधल्या बाईंनी विचारलं, तेव्हा आमचे व्याही टेबलाखाली होते.

टेबलाशी खुर्चीवर ऋतुजा बसली होती. ऋतुजा म्हणजे माझ्या मुलीची मुलगी आणि व्याह्यांच्या मुलाची मुलगी. दोघांची मिळून एकच नात. पुण्याच्या एका कॉलेजची मुलाखत चालली होती. मुलाखत घेणारी माणसं पुण्यात, पोरगी लोहाऱ्याजवळच्या तिच्या गावात आणि मध्ये फोन. तिचा उजवा हात टेबलावर दिसत होता. डावा हात टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या चादरीच्या आत गेला होता आणि काही केल्या बाहेर येत नव्हता. मी उंबऱ्यावर बसले होते. व्याह्यांना आत येऊ द्यायचं नाही, एवढ्याचसाठी मला माझ्या गावाहून, तेरहून, बोलावून तिथं बसवलं होतं. काठी आडवी टाकून मी इमानानं दार राखत होते, आणि ज्याला अडवायचं तो माणूस माझ्या आधीपासून आत होता.

“कुणी आहे का?” बाईंनी पुन्हा विचारलं. “तुम्ही सारखं खाली बघताय. नियम आधीच कळवले होते ना? कुणी उत्तरं सांगत असेल तर मुलाखत तिथंच रद्द होते. फोन उचला आणि खोली जरा फिरवून दाखवा.”

ऋतुजा काही बोलेना. प्रश्न संपायच्या आधी उत्तर देणारी ती पोरगी. ती गप्प बसली तेव्हा मला कळलं की गेलं सगळं.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर आधी व्याही सांगावे लागतील.

तोंड देवानं जेवायला आणि राम राम घालायला दिलं आहे, बोलायचं खरं काम बोटांचं, असं मानणारा आमच्या व्याह्यांसारखा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. उभा जन्म त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केली. तिथं बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगतात. भोवती माणसं खेटून उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. तोंडानं त्या वेळी पाऊसपाणी, पाहुणेरावळे असलं काहीतरी चाललेलं असतं. समोरच्याची बोटं मिटवून मूठ धरून ठेवली की त्याचा अर्थ, थांब, घाई करू नको. बाजारापुरतं हे ठीक आहे. व्याह्यांनी ते घरी आणलं. खांद्यावरचा रुमाल त्यांनी आंघोळीशिवाय कधी खाली ठेवला नाही. आठवडी बाजारात वांगी घ्यायची तरी ते भाजीवालीच्या नवऱ्याचा हात मागतात. परक्या बाईचा हात धरायचा नाही, एवढी रीत त्यांनी पाळली आहे. नवरा जागेवर नसला तर पिशवी रिकामी घेऊन घरी येतात आणि सुनेला सांगतात, “भाव बोलायला आज माणूसच न्हवता.” माझ्या मुलीनं लग्नानंतर कितीतरी दिवस नुसत्या पिठल्यावर काढले ते याच्यामुळं.

दुसरी खोड म्हणजे, आधी आपण बोलायचं नाही. जो आधी बोलतो तो फसतो, असं त्यांचं पक्कं मत. एकदा छातीत कळ आली म्हणून जावयानं त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, “बोला आजोबा, काय होतंय?” व्याही म्हणाले, “तुमीच बोला.” डॉक्टर म्हणाले, “अहो, दुखतंय कुठं?” व्याही म्हणाले, “तुमाला कुठं वाटतंय?” शेवटी डॉक्टर चिडले आणि सगळं अंग तपासून काढलं. त्यात छातीला काही सापडलं नाही, पण गुडघ्यात पाणी सापडलं. बाहेर आल्यावर व्याही जावयाला म्हणाले, “बघ. आधीच छाती म्हणून सांगितलं असतं तर गुडघा तसाच राहिला असता.”

नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी ते त्याचे दात बघतात. जनावराचं वय दातांवरून कळतं, मग माणसाचं का कळू नये? टीव्हीवर एखादा पुढारी हसला की हे खाटेवरून म्हणतात, “ह्याचं वय चोरलंय.” माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तेव्हा ते तिला बघायला आले होते, त्या दिवशी मी तिला सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी हसू नको.

त्या दिवसाचीच गोष्ट सांगते. देण्याघेण्याची बैठक होती. दोन्हीकडची माणसं बसली होती. तोंडानं सगळे पिकाचंच बोलत होते. तेवढ्यात व्याह्यांनी पुढं सरकून आमच्या मालकांचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. आमचे मालक साधा माणूस. शेत आणि घर याच्यापलीकडं त्यांना काही ठाऊक नव्हतं. परका माणूस आपला हात का चेपतो आहे ते त्यांना कळेना. त्यांना वाटलं, पाहुण्याला भोवळ येते आहे. घाबरून त्यांनी मान हलवली, “बरं बरं.” झालं. त्यांच्याकडचा कुणीतरी ओरडला, “ठरलं!” साखर वाटली आणि लग्न लागलं. काय ठरलं होतं ते आम्हाला कितीतरी वर्षं कळलं नाही. लग्नात त्यांनी काही मागितलं नाही, आणि आम्हीही मग विचारायची घाई केली नाही. पुढं एकदा मी त्यांना उघड विचारलं, “पाव्हणं, त्या दिवशी बोटांनी काय मागितलं होतं?” ते म्हणाले, “ईनबाई, बोटांचं तोंडानं सांगत नसत्यात.” मालक गेले तरी ते कोडं तसंच राहिलं.

असा हा माणूस. आणि ऋतुजाला अर्थशास्त्र शिकायचं होतं, तेही पुण्यात. त्या कॉलेजात मार्कांबरोबर मुलाखत बघतात, आणि निवड झाली की राहणं, जेवण, शिकणं सगळं तेच करतात. जावई कारखान्यावर कामाला आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “निवड झाली तर पाठवतो. न्हाय झाली तर फुडं बघू.” आमच्याकडं पोरीच्या बाबतीत फुडं बघू म्हणतात तेव्हा पोरगा बघतात. पोरीला ते कळत होतं, तिच्या आईला कळत होतं, मलाही कळत होतं.

पोरगी हुशार आहे, पण बोलायला लागली की थांबत नाही. प्रश्न अर्धा झाला की हिचं उत्तर तयार, आणि उत्तर अर्धं झालं की ते चुकलंय हे हिच्याच ध्यानात येतं, मग दुसरं उत्तर. शाळेतल्या बाईंनी तिची दोनदा तयारी करून घेतली आणि दोन्ही वेळा सांगितलं, “ऋतुजा, श्वास घे.” हे व्याह्यांनी ऐकलं. त्यांनी फेटा बांधला आणि जाहीर केलं की बाकीची तयारी मी करून घेतो. सौदा करायचा म्हणजे काय ते मास्तरीणबाईंना काय ठाऊक.

तयारी कसली ती! पहिल्यांदा त्यांनी जागा बघितली. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन कुठून कुठं जातं ते खुर्ची हलवत बघितलं. “ऊन तोंडावर आलं की डोळं मिटतंय, पाठीवर आलं की तोंड काळं दिसतंय. कुशीवर पाहिजे.” मग टेबलावर घालायला चांगली चादर मागितली आणि ती पुढून जमिनीला टेकली पाहिजे असा हट्ट धरला. माझी मुलगी खूश झाली. मला फोनवर म्हणाली, “आई, मामंजींनी खोली झकास लावली बघ.” त्या चादरीचं कारण आम्हाला पुढं कळायचं होतं.

मग सरावाची मुलाखत. व्याही खाटेवर साहेब होऊन बसले, ऋतुजा समोर. बराच वेळ झाला तरी साहेब काही विचारेनात. शेवटी पोरगी म्हणाली, “आबा, सुरू करा की.”

“चालूच हाय.”

“तुमी काय विचारतच नाहीत.”

“म्या तू बोलायची वाट बघायलोय. बोललीस. बुडालीस.”

तिनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातले दोन जुने सोबती बोलावले, कारण अनोळखी माणसांसमोर भीती मोडली पाहिजे. दोघंही चहा पिऊन तिच्याकडं बघत बसले. एकानं विचारलं, “कामाची सवय हाय का?” दुसऱ्यानं विचारलं, “मारकी हाय का?” ऋतुजा म्हणाली, “व्हय. हाय.” दोघांनी माना हलवल्या आणि व्याह्यांना सांगितलं की पोरगी जाईल. शाळेतल्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की तुमच्यात उणीव काय, असं हमखास विचारतात. त्यावर व्याह्यांचं उत्तर तयार होतं. “खोड विचारली की आईचं सांगायचं. माझी आई लई गुणाची, कधी लाथ मारली न्हाय, असं.” ती आई म्हणजे माझी मुलगी. मी ते फोनवर ऐकून घेतलं.

एवढं झाल्यावर माझ्या मुलीचा धीर सुटला. मुलाखतीच्या दिवशी तिला अंगणवाडीच्या बैठकीला लोहाऱ्याला जाणं भाग होतं आणि जावयाची कारखान्यावर पाळी होती. तिनं मला फोन केला. “आई, तू ये आणि मामंजींना तेवढा वेळ बाहेर बसवून ठेव. तुझं ऐकतात.” माझं ते ऐकत नाहीत, पण माझ्याशी भांडत नाहीत. मी आले. आल्या आल्या विचारलं, “पाव्हणं कुठायत?” शेजारीण म्हणाली, “आत्ताच रुमाल झटकत गेले.” कुठं गेले ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, रानात गेले असतील. पोरगी मागच्या दारी तोंड धूत होती. मी उंबऱ्यावर बसले आणि काठी आडवी टाकली.

मुलाखत सुरू झाली तेव्हा फोन पितळी तांब्याला टेकवून ठेवला होता. पलीकडं एक बाई होत्या आणि एक साहेब होते, दोघंही मराठी बोलणारे. पहिला प्रश्न नाव-गावाचा होता तोवर ठीक चाललं. दुसऱ्या प्रश्नाला पोरगी सुटली. तेवढ्यात ती खुर्चीत दचकली. तिनं मला नंतर सांगितलं, चादरीखालून हात आला होता आणि त्यानं तिचा डावा हात धरला होता. ओरडायचीच होती ती, पण बोटं ओळखीची होती. हात ओढून घ्यावा तर आबा तोंडानं बोलतील, ही तिला भीती. म्हणून तिनं हात राहू दिला. व्याही दर प्रश्नाला तिची बोटं मिटवत होते, ती दर प्रश्नाला खाली बघत होती, आणि तरी बोलत सुटत होती. मग बाईंनी विचारलं ते मी सुरुवातीला सांगितलंच.

मी उठून आत गेले. काय करायला गेले ते मला ठाऊक नाही. मला बघून चादर हलली. व्याह्यांनी बाहेर यायचा विचार केला असावा, पण गुडघ्यानं दगा दिला. त्यांनी डोकं वर घेतलं, ते टेबलाला बसलं, तांब्या लवंडला आणि फोन टेबलावरून खाली पडला. पडला तो नेमका चादरीच्या कडेला, तोंड वर करून. मी खाली वाकून बघितलं. फोनमध्ये पुण्याची दोन माणसं, आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर आणि हातांवर उभा असलेला, फेटा कानावर आलेला, तांब्यातल्या पाण्यानं भिजलेला माणूस. व्याही थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “राम राम, साहेब.”

पलीकडून कुणी राम राम घेतला नाही.

“पोरीची चूक न्हाय,” व्याही म्हणाले. “पोरगी चोख हाय. खोड माझी हाय.”

“पाव्हणं, गप बसा,” मी म्हणाले. “बाहेर या आधी.”

“येतोय कुठं? गुडघा धरलाय.”

मी आणि ऋतुजानं एकेक काख धरून त्यांना ओढलं. साहेब आणि बाई ते सगळं जमिनीवरून बघत होते. पोरीनं तांब्या उभा केला आणि फोन उचलून परत त्याला टेकवला. बाई कडक आवाजात म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही हिला उत्तरं सांगत होतात का?”

“उत्तरं?” व्याही म्हणाले. “बाई, म्या सही करतो ती बी बघून बघून. मला कुठली उत्तरं येत्यात? म्या निस्तं सांगायलो हुतो, दम धर.”

“कसं सांगत होतात?”

इथं व्याही अडले. बोटांचं तोंडानं कसं सांगायचं? त्यांनी रुमाल काढला, इकडंतिकडं बघितलं, पोरीचा हात आता धरायची सोय नव्हती, माझा उरला, तोही धरता येईना. शेवटी ऋतुजानंच सांगितलं. बाजार, रुमाल, बोटं, मूठ, सगळं. आणि म्हणाली, “मॅडम, त्यांनी दर वेळी एकच सांगितलं. थांब. पाहिजे तर मी आतापर्यंत दिलेली उत्तरं मोजू नका.”

“आणि तुम्ही थांबलात?” साहेबांनी विचारलं.

“नाही, सर. एकदाही नाही.”

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. दोघं आपसांत काहीतरी हळू बोलले. तेवढा वेळ मी काठी हातात धरून उभी होते. मी कुठल्या देवाला नवसही बोलले नाही. बोलायला सुचलंच नाही. मग साहेब म्हणाले, “आजोबांना आणि आजींना तिथंच समोर, आम्हाला दिसतील असं उभं राहू द्या. हात दिसू द्या. एकच प्रश्न विचारतो आणि त्यावर ठरवू. हा जो भाव रुमालाखाली ठरतो, उघड बोलत नाहीत, त्यात फायदा कुणाचा होतो?”

मी आणि व्याही भिंतीशी उभे राहिलो, चोरी सापडल्यासारखे, हात पुढं करून. व्याह्यांचा रुमाल माझ्याकडं होता. मी तो काढून घेतला होता.

ऋतुजानं तोंड उघडलं आणि मिटलं. दोन्ही हात टेबलावर होते. डाव्या हाताची बोटं तिनं आपली आपण मिटवली, आणि मूठ तशीच ठेवली. ती व्याह्यांकडं बघत होती. एक कोंबडी आत आली, पाण्यात चोच मारून बाहेर गेली. मला वाटलं, आता हिला उत्तरच सुचत नाही. व्याही मात्र एकटक तिच्या मुठीकडं बघत होते.

मग ती बोलली, सावकाश. “दलालाचा फायदा होतो, सर. शेजारची बैलजोडी कितीला गेली ते विकणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही कळत नाही. दोन्हीकडचे हात फक्त दलालानं धरलेले असतात. सगळ्यांना सगळे भाव कळले असते तर आबांना बाजारात काही काम राहिलं नसतं.”

व्याही हलले नाहीत. त्यांच्या तोंडावर हे आजवर कुणी बोललं नव्हतं. बाजारात त्यांचा मान मोठा.

“दुसरं कुणाचं काहीच भलं नाही?” बाईंनी विचारलं.

पुन्हा ती थांबली. “एक आहे. माणूस अडचणीत असतो म्हणून कमी भावात जनावर देतो. ते बोटांत राहतं. चार लोकांसमोर त्याला कमी भाव बोलून दाखवावा लागत नाही. त्याची लाज झाकली जाते. पण त्याची किंमत त्याला पडते का दलालाला, ते मला ठाऊक नाही. ते शिकायलाच यायचं आहे.”

साहेब म्हणाले, “ठीक आहे. कळवू.” आणि फोन बंद झाला.

मी म्हटलं, “झालं का?” ऋतुजा म्हणाली, “झालं,” आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिला रडू दिलं. व्याही बाहेर जाऊन बाभळीखाली बसले. चहा नेला तर घेतला नाही. मी विचारलं, “राग आला का पोरीचा?”

“राग कशाचा, ईनबाई? खरं बोलली. ते बी पुण्याच्या म्होरं बोलली.” मग जमिनीकडं बघत म्हणाले, “पर आता तिला घेत न्हाईत. माझ्यापायी.”

मी खोटं बोलून समजूत घालणारी बाई नाही. मी म्हटलं, “व्हय. न्हाय घेतलं तर तुमच्याचपायी. चहा घ्या, थंड व्हायलाय.”

त्यांनी तो घेतला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मी तेरला परत जाणार होते, पण त्या घरात कुणाला एकटं सोडावं असं वाटेना. मुलगी माझ्यावर रागावलेली, दार राखता आलं नाही म्हणून. जावई कुणावरच रागावले नव्हते, आणि ते जास्त भीतीचं होतं. एक दिवस त्यांच्या तोंडून निघालं की उमरग्याकडचं एक घर चांगलं आहे. पोरगी भांडी घासत होती, ती घासतच राहिली. व्याही मात्र पार बदलून गेले. रुमाल त्यांनी खुंटीला अडकवला तो अडकवलाच. बाजाराच्या दिवशी बाजारात गेले नाहीत. जेवताना भाकरी पाहिजे असली की तोंडानं म्हणायचे, “सूनबाई, अर्धी भाकर वाढ.” हे ऐकून माझी मुलगी पदराआड रडली. इतकी वर्षं ते भाकरीसाठी ताटावर बोट वाजवायचे म्हणून ती वैतागायची, आणि आता तिला ते बोट पाहिजे होतं. भाजीवालीकडून त्यांनी तोंडानं भाव करून वांगी आणली. किडकी निघाली. आम्ही ती किडकी वांगी निवडून खाल्ली.

आणि एका सकाळी फोन वाजला. फोन ऋतुजाच्या आईच्या हातात होता. तिनं ऐकलं आणि ती खालीच बसली. पोरीनं तिच्या हातातून तो घेतला, ऐकला, आणि म्हणाली, “हो मॅडम. येते मॅडम.” एवढंच. पण एवढं तिनं सावकाश म्हटलं, आणि त्याच्यावरून मला कळलं.

व्याही खाटेवर होते. ते उठले नाहीत. म्हणाले, “काय म्हणाल्या?”

“घेतलं, आबा.”

“तोंडानं सांग.”

“तोंडानंच सांगायलेय की! घेतलं मला.”

“परत सांग. मोठ्यानं सांग.”

तिनं परत सांगितलं. त्यांनी जावयाला आणखी एकदा सांगायला लावलं आणि मग मला. मी म्हटलं, “घेतलं तिला, पाव्हणं. आता किती वेळा ऐकायलाव?” आणि मला एकदम भूक लागली. खरंच लागली. मी चुलीपाशी जाऊन शिळी भाकरी आणि ठेचा उभ्यानं खाल्ला. जावई बाहेर जाऊन तोंड धुवून आले. उमरग्याच्या घराचं नाव पुन्हा त्या घरात कुणी काढलं नाही. व्याह्यांनी खुंटीवरचा रुमाल काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की पुण्याच्या लोकांनी ह्यांच्या नातीला एकच सवाल घातला आणि ती ह्यांच्याच विरुद्ध बोलून पास झाली. हे ते अभिमानानं सांगत होते. “दलालाला दलाल म्हणली! साऱ्यांच्या म्होरं!” ऐकणाऱ्यांना कळेना की हसायचं का नाही.

ती गेली त्या दिवशी आम्ही सगळे लोहाऱ्याच्या स्टँडवर होतो. गाडी लागल्यावर आईनं डबा दिला, बापानं पिशवी वर ठेवली. व्याही खिडकीशी गेले. ऋतुजानं हात बाहेर काढला. त्यांनी तो धरला, वर रुमाल टाकला, आणि दोघंही दुसरीकडं बघत उभे राहिले. व्याही म्हणाले, “तिकडं पाऊस लई असतोय म्हणं.” ती म्हणाली, “व्हय आबा. छत्री घेतलीय.” गाडी हलली तेव्हा त्यांनी रुमाल ओढून घेतला.

मला राहवलं नाही. “काय सांगितलं तिला? थांब म्हणूनच ना? दुसरं काय येतंय तुमाला?”

ते गाडी गेली त्या वाटेकडं बघत होते. “न्हाय, ईनबाई. आज बोटं मिटवली न्हाईत. उघडली एकएक.” त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “तुमच्या मालकांची मात्र मिटवली हुती. त्या बैठकीत.”

“म्हणजे?”

“थांबा म्हणत हुतो. घाई नको, पोरापोरीला एकदा बोलू द्या, मग ठरवू. त्यांनी मान हलवली आन् आमच्या येड्यांनी साखर वाटली. मग कुणाला सांगायचं?”

एवढी वर्षं ते बोटांत ठेवून बसला होता हा माणूस. म्हणजे माझ्या मुलीचं लग्न ठरलंच नव्हतं. मालक असते तर हसले असते. मी हसले नाही. मी त्यांच्या हातातला रुमाल घेतला, त्यांचा फेटा पुन्हा कानावर आला होता तो सरळ करायला सांगितलं, आणि आम्ही घरी जायला जीपमध्ये बसलो. वाटेत मांडीवर त्यांचा एक हात दुसऱ्या हातात होता.

आता ऋतुजा पुण्याला आहे. व्याही बाजाराला जातात, पण गुडघ्यामुळं एका जागी बसून असतात, आणि म्हणतात की रुमालाखाली हात घालणारी माणसं कमी झाली, पोरं फोनवर भाव बघतात. मी तेरला आहे. त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघं होतो, आणि तिघंही त्यातून जिवंत बाहेर आलो.